गोडाऊनचा फोन

“नातूबाई, या फोनवरून पुण्याला तुमच्या घरी फोन लावून दाखवा,” ताम्हणकर साहेब म्हणाले आणि त्यांनी तो काळा फोन माझ्या टेबलावर, थर्मामीटरांच्या ओळीशेजारी ठेवला.

डायलच्या भोकात छोटं पितळी कुलूप होतं. डायल फिरणं शक्यच नव्हतं.

“कुलूप आहे,” मी म्हटलं.

“ते मलाही दिसतंय. किल्ली माझ्या खिशात आहे. तरी लावा.”

मग त्यांनी फोनची वायर माझ्या खोलीतल्या सॉकेटमध्ये खोचली, रिसीव्हर कानाला लावला आणि तो ठेवायच्या जागेवरची दोन पांढरी बटणं बोटानं भराभर दाबायला लागले. काही ठोके, मग थांबा, पुन्हा ठोके. चेहरा पोथी वाचणाऱ्यासारखा. पलीकडून कुणीतरी बोललं. “काही नाही,” साहेब म्हणाले, “भाजी कसली केलीस ते विचारायला केला होता.” त्यावर काय उत्तर आलं कोण जाणे, त्यांनी घाईनं फोन ठेवला.

“हे मला माझ्या मेव्हण्यानं शिकवलं,” ते म्हणाले. “माझ्या मेव्हण्याला येतं म्हणजे अख्ख्या सांगलीला येतं.”

मला त्यात नवल वाटलं नाही. डायल फिरवला तरी आत दुसरं काय होतं? विजेचा प्रवाह आकड्याइतक्या वेळा तुटतो आणि जुळतो, एवढंच. शून्याला दहादा. ते काम डायलनं करा नाहीतर बोटानं, एक्स्चेंजला फरक कळत नाही. कुलूप डायलला होतं, प्रवाहाला नव्हतं.

आमची कंपनी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत होती. जनावरांची औषधं बनवायची. मी पुण्याहून फिजिक्समध्ये एम. एस्सी. करून आले होते आणि तराजू, थर्मामीटर, भट्ट्या खऱ्या चालतात की नाही हे बघणं माझं काम होतं. त्यामुळे आमच्याकडे ‘पाहिलंय’ या शब्दाला वजन होतं. कुणी दारातून विचारायचं, “बाई, दोन नंबरचा तराजू?” मी म्हणायचे, “पाहिलाय.” की तो माणूस पुढे काही न विचारता औषध तोलायला घ्यायचा. पाहिलंय म्हणजे तपासलंय, ठीक आहे, खुशाल वापरा.

साहेबांची तक्रार फोनच्या बिलाची होती. त्या वर्षी शेअर बाजाराचं वेड लागलं होतं. डिस्पॅचमधला बिराजदार दुपारी मुंबईच्या कुठल्या तरी दलालाला फोन लावायचा आणि मग पत्र्यावर खडूनं भाव लिहून ठेवायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त साहेबांना माहीत नव्हतं.

“ठोके देऊन फोन लागणार नाही असं काहीतरी काढा,” साहेब म्हणाले. “आणि कोण करतं ते कळलं तर नाव सांगा. एकाला घरी पाठवलं की बाकीचे आपोआप सरळ येतात.”

संध्याकाळी तशी नोटीस फळ्यावर लागली. बिराजदारानं ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, “साहेब आता आमची बोटं पण कुलपात घालणार बघा.”

लेबल विभागाच्या मगदूमबाई तेवढ्या हसल्या नाहीत. ते माझ्या लक्षात राहिलं.

राजमती मगदूम पंचेचाळिशीच्या असतील. बाटल्यांवर लावायची लेबलं त्यांच्या ताब्यात असायची. दुपारी डबा खायला त्या माझ्या खोलीत येत, कारण इतर ठिकाणी कांदा-लसणाचा वास आणि त्या घरच्या जैन. माझा डबा उघडला की रोज एकच बोलणं. “एवढं शिकून शेवटी बटाटाच खाता व्हय, बाई?” मग स्वतःच्या डब्यातली मुगाची उसळ माझ्या झाकणात घालत. डबा संपला की, “येतो हं मी,” म्हणून उठत. त्या भागातल्या बायका येतो, जातो असंच म्हणतात. पुण्याहून आलेल्या मला सुरुवातीला त्याचं हसू यायचं.

आमच्या ऑफिसात एक भूत होतं. एका लायनीवर चार फोन जोडलेले होते: लेबल विभागात, डिस्पॅचमध्ये, माझ्या प्रयोगशाळेत आणि मागच्या गोडाऊनमध्ये. दुपारच्या सुट्टीत कधीतरी चारही फोन एकदम वाजत. एकच रिंग. कुणी उचलेपर्यंत बंद. बिराजदार म्हणायचा, हा लायनीवर मेलेल्या कुणा वायरमनचा आत्मा आहे, त्याला नारळ द्या.

आता साहेबांच्या कामासाठी मी कान देऊन बसू लागले, तेव्हा मला दुसरी गोष्ट ऐकू आली. चार फोन एका तारेवर असले की एकावर ठोके दिले तर बाकीच्यांची घंटा हलकेच किणकिणते. कुणी वाटीला नख लावावं तशी. ती किणकिण दुपारी दोनदा व्हायची. एकदा बिराजदाराची; ती धसमुसळी, मधेच चुकून पुन्हा सुरू होणारी. आणि दुसरी, मगदूमबाई “येतो हं मी” म्हणून गेल्यावर थोड्या वेळानं. ती लांबलचक पण एकसारखी, न चुकणारी. ती संपली की काही क्षण शांतता. आणि मग भुताची ती एक रिंग.

एकदा मी उठून लेबल विभागाच्या काचेतून बघितलं. मगदूमबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. रिसीव्हर कानाला, बोट बटणावर. ठोके देऊन झाल्यावर त्या थोडं थांबल्या आणि एक शब्दही न बोलता त्यांनी फोन ठेवला. हात फोनवरच राहिला. फोन एकदा वाजला. त्यांनी उचलला नाही. पदरानं रिसीव्हर पुसला आणि लेबलांचे गठ्ठे मोजायला लागल्या.

उरलेलं मला जुळवावं लागलं नाही, ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. त्यांची एकुलती एक मुलगी, त्रिशला, आदल्या वर्षी रेल्वेतल्या एका परजातीच्या मुलाबरोबर निघून गेली होती. भुसावळला होती. मगदूमबाईंच्या मालकांनी मुलीच्या नावानं आंघोळ केली होती. घरात तिचं नाव काढायचं नाही, पत्र आलं तर न फोडता चुलीत. मालक शाळामास्तर. सकाळी स्कूटरवरून बाईंना फाटकाशी सोडायचे, संध्याकाळी घेऊन जायचे. नाक्यावरचा एसटीडी बूथ त्यांच्या चुलतभावाचा. त्रिशलाला दिवस गेल्याचंही बिराजदारानंच कुठून तरी ऐकून आणलं होतं. पहिलं बाळंतपण आणि माहेर बंद.

रिंगांचा अर्थ मात्र मी माझा लावला. बाई बोलत नव्हत्या, कारण बोलल्या असत्या तर बिल आलं असतं. नुसती रिंग दिली तर बिल येत नाही. दोन रिंगा म्हणजे आई बरी आहे. उलट एक रिंग म्हणजे लेक बरी आहे. बिलावर ज्याचा एक पैसाही चढत नव्हता, असा चोरटा फोन त्या कारखान्यात तेवढा एकच होता.

साहेबांना मी नाव सांगितलं नाही. बिराजदाराचंही नाही. पण जे काढायला सांगितलं होतं ते मी काढलं. त्यात मला आनंदही झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पांढऱ्या बटणांखाली एक सुस्त रिले, म्हणजे विजेवर उघड-मिट होणारा खटका, बसवायचा. बटण एकदा दाबलं की तो सुटायचा आणि बटण वर आलं तरी काही वेळ लाइन परत जोडायचाच नाही. भराभर दिलेले ठोके त्या उशिरात बुडून जायचे. येणारे फोन नेहमीसारखे येत. लहानशी डबी, चार स्क्रू.

सगळ्यांच्या देखत मी तीन फोनांना डब्या बसवल्या. साहेबांनी स्वतः ठोके देऊन बघितले आणि फोन मुका राहिला तेव्हा माझ्याकडे बघून मान डोलावली. गोडाऊनला मी एकटी गेले. तिथेही डबी बसवली, चारही स्क्रू आवळले. पण आत रिलेला वळसा घालून तार सरळ जोडली. बाहेरून चारही डब्या सारख्या. साहेब उन्हात मागच्या गोडाऊनपर्यंत चालत यायचे नाहीत, याची मला खात्री होती.

मग मी तिथून आमच्या पुण्याच्या घरचा नंबर ठोक्यांनी लावला. आईनं उचलला. ती “कोण? कोण बोलतंय?” म्हणत राहिली आणि मी काही न बोलता फोन ठेवून दिला. जोडणी ठीक होती, एवढंच मला हवं होतं.

आता मगदूमबाईंना सांगायचं राहिलं. त्या दुपारी त्या माझ्या खोलीत डबा खायला आल्या नाहीत. आल्या असत्या तर दार लोटून सांगता आलं असतं. त्या मला बेसिनपाशी भेटल्या, डबा विसळत होत्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले. मुलीबद्दल मला माहीत आहे हे त्यांना कळू नये असं वाटत होतं. त्यांनी ते मला कधी सांगितलं नव्हतं. नळ चालू होता. काय शब्द वापरावेत याचा मी विचार करत होते, तेवढ्यात मागून बिराजदार हात धुवायला येताना दिसला.

“गोडाऊनच्या फोनवरून लागतो,” मी हळूच म्हटलं. “मी पाहिलंय.”

त्यांचा हात नळाखाली तसाच राहिला. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “बरं.”

बिराजदार आला आणि म्हणाला, “नातूबाई, तुमच्या डबीनं आमचं दिवाळं काढलं बघा.” मी हसले. माझं काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी किणकिण ऐकायला बसले. झाली नाही. वाटलं, गोडाऊनमध्ये हमाल जेवत असतील. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात नाहीच. मी दोनदा गोडाऊनमध्ये जाऊन तार बघून आले, सुटली तर नाही ना म्हणून. सुटली नव्हती.

भूत मात्र येत राहिलं. एक रिंग. मग एके दिवशी दोन, थोड्या वेळानं पुन्हा दोन. कुणी दारावर हलकेच थाप मारून बघावं तसं. बाई लेबलं मोजत असत. मान वर होत नसे. डबा आता त्या आपल्याच टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून खात. मी एकदा म्हटलं, “येत नाही तुम्ही हल्ली.” त्या म्हणाल्या, “काम फार हाय ओ.” त्यांच्या ‘ओ’मध्ये पूर्वीचं काही नव्हतं. मला वाटलं, डब्या बनवल्या म्हणून राग आहे. राग रास्तही होता. पण मग गोडाऊनचा फोन का वापरत नाहीत? मनात आलं, त्यांना दुसरी वाट मिळाली असेल. तसं मानणं सोपं होतं. पुन्हा विचारायला गेले असते तर मुलीचं नाव घ्यावं लागलं असतं.

दसऱ्याच्या आसपास एका दुपारी फोन वाजला आणि एका रिंगवर थांबला नाही. दुसरी झाली. मी माझ्या खोलीत फोनपासून हातभर अंतरावर होते. मी उचलला नाही. काचेतून मला दिसलं, मगदूमबाई उभ्या राहिल्या होत्या. तिसरी रिंग झाली आणि बिराजदारानं डिस्पॅचमधून फोन उचलला.

“हॅलो? हॅलो? कोण पाहिजे?” मग तो ओरडून आम्हाला म्हणाला, “कट केला बघा. मी बोललो की भूत पळालं.”

सगळे हसले. बाई खाली बसल्या.

त्यानंतर तो फोन कधी वाजला नाही. दिवाळीनंतर मगदूमबाई कामावर आल्या नाहीत. घरचं कारण, असं साहेब म्हणाले. पुढच्या वर्षी मला मिरजेच्या कॉलेजात नोकरी मिळाली आणि मीही ती कंपनी सोडली.

गेल्या नोव्हेंबरात मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. पेन्शन घेणाऱ्यानं वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. यंत्रावर अंगठा टेकवायचा आणि यंत्र हो म्हणालं की आपण आहोत. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, हातात पर्स घट्ट धरून. माझ्या मांडीवर डबा होता, कारण तिथे किती वेळ लागेल सांगता येत नाही.

“अजून बटाटाच खाता व्हय, बाई?” ती म्हणाली.

मला ओळखायला एक क्षण लागला. मग मी त्यांचे हात हातात घेतले. हात फार हलके झाले होते. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांची पेन्शन मिळते, असं त्या म्हणाल्या. एकट्या राहतात. मी एवढ्या वर्षांत काय केलं ते विचारलं आणि फिजिक्स शिकवलं म्हटल्यावर, “ते तुम्हाला यायचंच की,” म्हणाल्या.

मग मी विचारलं, “त्रिशला कशी आहे?” एवढ्या वर्षांनी मी ते नाव पहिल्यांदा तोंडानं घेतलं.

“बरी हाय. नागपूरला असती आता. नात इंजिनियर झाली.” त्या थोडा वेळ समोरच्या टोकनच्या आकड्यांकडे बघत राहिल्या. “मालक गेल्यावर आली होती की. राहिली चार दिवस. पण ते पहिलं बोलणं काही राहिलं नाही बघा. बाळंतपणाच्या वेळी तिला आईच्या दोन रिंगा पण मिळाल्या न्हाईत. रोज दुपारी त्या घरमालकाच्या फोनपाशी पायरीवर बसून राहायची म्हणं. बाळ झालं की पाच रिंगा, असं ठरलं होतं आमचं. बिराजदारानं तिसरीलाच उचलला. मला कळलंच न्हाई. पोर महिन्याची झाल्यावर कळलं, ते पण दुसऱ्याकडनं.”

मी मांडीवरच्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

“पत्र टाकलं होतं नंतर. नोकरीवर येईल म्हणून फोन बंद केला, असं लिवलं. तर ती म्हणती, नोकरी मोठी का मी?” त्या हसल्या. “त्या आधीच सोडली होती मी नोकरी. त्या फोनसमोर बसवेना. आता फोन फुकट झालेत, दिवसभर बोला. लावला की उचलती. चांगलं बोलती, वाईट न्हाई. पण पहिलं वाक्य एकच, आई, काही काम होतं का? आता कामाचं काय असणार ओ माझ्याकडं?”

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“पण बाई, तुमचे उपकार मी विसरलो न्हाई. दुसरं कुणी असतं तर साहेबाच्या कानात सांगून मोकळं झालं असतं. मालकांना कळलं असतं तर जीवच घेतला असता त्यांनी. तुम्ही तसं केलं न्हाई. आधी मला सावध केलंत, त्या बेसिनपाशी.”

“सावध?”

“म्हणालात की. गोडाऊनच्या फोनवरनं लागतो, मी पाहिलंय म्हणून. त्या दिवशी सकाळीच मी तिथं जाऊन उभी राहिलो होतो, कुणी बघत न्हाई ना म्हणून. लावला पण नव्हता. तुम्ही कुठनं बघितलंत कोण जाणे. तुमची नजरच तसली. मग हातच लावला न्हाई पुन्हा कधी.”

पाहिलंय. मला आईचा आवाज ऐकू आला, कोण, कोण बोलतंय म्हणणारा. त्या तारेतून स्वच्छ आलेला.

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मनापासूनचं ऋण होतं, एवढी वर्षं नीट सांभाळून ठेवलेलं. मी तोंड उघडलं. फोन चालू होता, एवढेच शब्द. एवढंच सांगायचं होतं.

“तुम्ही होता म्हणून वाचलो,” त्या म्हणाल्या.

मी तोंड मिटलं.

त्यांचा आकडा लागला. त्या उठताना थांबल्या आणि पर्समधून मोबाइल काढून माझ्या हातात दिला. “तेवढं लावून देता का? पहिलंच नाव हाय तिचं. मी तिकडं अंगठा देऊन येतो. दोन रिंगा झाल्या की कट करा. बोलायचं न्हाई. मी रोज तेवढंच करतो आता, आई हाय म्हणून. काम काय असं विचारायला नको तिला.”

“उलट रिंग येते का?” मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. त्या ‘नाही’ला आवाज नव्हता.

त्या खिडकीपाशी गेल्या. यंत्रानं पहिल्यांदा त्यांचा अंगठा घेतला नाही. शिपायानं तो पुसून पुन्हा टेकवायला सांगितला. मी त्रिशलाच्या नावावर बोट ठेवलं. एक रिंग झाली. दुसरी झाली. ती पूर्ण होऊ दिली आणि कट केला. फोन मी हातात तसाच धरून ठेवला, पडद्यावरचा उजेड जाईपर्यंत.

मगदूमबाई परत आल्या, अंगठा पदराला पुसत. “लागला का ओ?”

“लागला,” मी म्हटलं. पुढचा शब्द, ‘पाहिलंय’, मी म्हटला नाही.